सकाळी कोणाच्या हवाली? युद्धानंतरच्या शांतता मोहिमा आणि लष्कराकडे येणारे पोलिसी काम

खाडीकाठ (रत्नागिरी)

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरातला चिखल उपसायला गेलो होतो. मदतीला आलेल्या जवानांची एक तुकडी गल्लीत पाण्याच्या बाटल्या वाटत होती. शेजारच्या कापड दुकानदाराने त्यांच्यापैकी एकाला गाठून सांगितले की शटर वाकले आहे, रात्री कोणी माल उचलेल अशी धास्ती वाटते, तेव्हा दोघांना येथे उभे करता येईल का. जवान अगदी नम्रपणे, पण क्षणभरही न अडखळता, ते काम पोलिसांचे आहे असे म्हणाला आणि त्याने चौकाकडे बोट दाखवले. चौकात खरोखरच एक पोलीस उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी.

मी व्यवसायाने वकील असल्यामुळे ते बोट माझ्या डोक्यात राहिले. ज्या देशात युद्ध नुकतेच थांबले आहे, तिथे जवानाने बोट दाखवायचे ठरवले तरी चौकात कोणीच नसते. सर्बियाच्या अमलाखालच्या, पण अल्बेनियन बहुसंख्येच्या कोसोव्हो प्रांतात १९९९ च्या जूनमध्ये नेमके असेच झाले. सुरक्षा परिषदेने १० जून रोजी ठराव क्रमांक १२४४ संमत केला, दोन दिवसांनी नाटोच्या नेतृत्वाखालील केफोर हे दल आत शिरले आणि युगोस्लाव्ह सैन्याबरोबर तिथले पोलीसही निघून गेले. ठाणी ओस पडली. परतणाऱ्या अल्बेनियन निर्वासितांपैकी काहींनी सूड उगवायला सुरुवात केली. सर्ब आणि रोमा लोकांची घरे जळू लागली, खून होऊ लागले. ठरावातच असे लिहिलेले होते की संयुक्त राष्ट्रांची नागरी यंत्रणा जबाबदारी उचलण्यास समर्थ होईपर्यंत सार्वजनिक सुरक्षितता व सुव्यवस्था लष्करी दलाने सांभाळावी. ती यंत्रणा समर्थ व्हायला किती वेळ लागला, ते पाहण्यासारखे आहे. मंजूर झालेल्या ४७१८ आंतरराष्ट्रीय पोलिसांपैकी निम्मेदेखील १९९९ संपेपर्यंत पोहोचले नव्हते. म्हणजे रणगाड्यावरून उतरलेला पोरगा सहा महिने आणि काही ठिकाणी त्याहून अधिक काळ चोरी, मारामारी, जागेची भांडणे आणि खून हे सर्व हाताळत होता.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार कायद्याने केलेला आहे, पण तो फार छोट्या पोकळीपुरता. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १२९ ते १३२ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४८ ते १५१ म्हणून आली आहेत. जमाव पोलिसांना आवरेना, तर कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला पाचारण करतो. सैन्याचा अधिकारी ते काम आपल्या पद्धतीने करतो, पण जमाव पांगवण्यास लागेल तेवढेच, कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन त्याच्यावर असते. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघडउघड धोक्यात असेल, तर सैन्याचा राजादिष्ट (कमिशन मिळालेला) किंवा राजपत्रित अधिकारी स्वतःच्या अधिकारात कारवाई करू शकतो, अटकही करू शकतो; मात्र संपर्क होताच त्याने दंडाधिकाऱ्याचे ऐकायचे. दंडाधिकारी कुठेतरी आहे, फोन लागत नाही एवढेच, हे या कलमात गृहीत आहे. कोसोव्होची राजधानी प्रिस्टिना, तिथे फोन लावायचा तरी कोणाला?

या मंचावर हा धागा काढण्याचे कारण इतकेच की या विषयावर वाचताना बहुतेक ठिकाणी सैनिकाने गोळी कधी चालवावी याचीच चर्चा सापडते. मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. सैनिकाने रात्री एक माणूस पकडला. सकाळी त्याला कोणाच्या हवाली करायचे? येथे माजी सैनिक आणि पोलीस खात्यातील मंडळी आहेत, त्यांनी लिहावे अशी विनंती.

जगबुडीकाठचा सुभेदार (खेड)

वकीलसाहेब, आमच्या तालुक्यात प्रत्येक वाडीत एक तरी फौजी सापडतो, त्यामुळे या विषयावर पारावर भरपूर बोलणे होते. लिहिणे मात्र होत नाही. मी काँगोच्या उत्तर किवू प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत एक कालखंड काढला आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या वाडीतले एक काका श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर होते. जुलै १९८७ च्या अखेरीस करार झाला, आपली फौज उतरली, आणि काम सांगितले होते ते बंडखोरांची हत्यारे जमा करून घेण्याचे व शांतता राखण्याचे. ऑक्टोबरमध्ये त्याच लोकांशी लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. काका लढाईबद्दल फारसे बोलत नसत. ते सांगत ते जाफन्याच्या बाजूला नाक्यावर उभे राहण्याबद्दल. सकाळी ज्या म्हातारीची पिशवी तपासली, संध्याकाळी तिच्याच घराची झडती घ्यायची, आणि मध्येच कोणी येऊन शेजाऱ्याने माझी सायकल नेली अशी तक्रार करायचे. सायकलचे काय करायचे, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते.

सैनिकाला शिकवलेले असते ते असे: समोरचा भाग कोणता, आपला कोण, परका कोण, मारा कुठून कुठपर्यंत. पोलिसाच्या कामात समोरचा प्रत्येक माणूस एकाच वेळी फिर्यादी, साक्षीदार किंवा आरोपी असू शकतो. नाक्यावर आमचा पोरगा उभा असतो तेव्हा तो गाडीच्या चाकांकडे आणि माणसांच्या हातांकडे पाहतो. हवालदार गाडीवाल्याच्या तोंडाकडे पाहतो. तसे पाहण्याची सवय दोन आठवड्यांच्या वर्गात लागत नाही.

काँगोतली घटना सविस्तर लिहायची आहे, पण आज बोटे दुखत आहेत, उद्या लिहितो.

माजी फौजदार (कुडाळ)

सुभेदारसाहेबांनी तोंडाकडे पाहण्याचे बरोबर लिहिले. मी तेहतीस वर्षे खात्यात काढली आणि त्यातली अर्धी अधिक शिमग्याच्या बंदोबस्तात गेली, असे घरचे म्हणतात.

पालखीच्या मानावरून दोन भावकींत वाद होता, असे एक गाव माझ्या हद्दीत होते. एका वर्षी वरून जादा कुमक म्हणून राज्य राखीव दलाची तुकडी आली. मुले शिस्तीची होती. ढाली, हेल्मेट, लाठ्या सर्व चोख, आणि त्यांच्या नुसत्या उभे राहण्याने पहिली रात्र शांत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाणेवर, म्हणजे पालखी विसावते त्या चौथऱ्यावर, एका म्हाताऱ्याने पालखीच्या दांड्याला हात लावला आणि तुकडीच्या नायकाने त्याला बाजूला केले. तो म्हातारा दोन्ही भावकींना मान्य असलेला गुरव होता. पुढचे चार तास मी आणि पोलीस पाटील दारोदार फिरून माफी मागत होतो. दोष त्या नायकाचा नव्हता. त्याला गाव माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यायला वेळही दिलेला नव्हता.

परदेशातल्या मोहिमांत हाच प्रकार हजारपट होत असणार. जमाव अंगावर आला तर तुकडी लागतेच, त्याबद्दल वाद नाही. एकटा बीट हवालदार दगडांपुढे काय करणार? पण तुकडीला गाव कळत नाही. त्यातही राखीव दल हे पोलीसच आहे, त्यांना लाठी आणि अश्रुधूर माहीत आहे. पायदळाच्या हातात फक्त रायफल असेल तर त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात, गोळी घालणे किंवा पाहत राहणे.

कातळसडा (राजापूर)

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. फौजदार काकांच्या शेवटच्या वाक्याला इतिहासातले दाखले आहेत, आणि तेही दोन्ही वाटांचे.

पाहत राहण्याचा दाखला हैतीचा. १९ सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकी सैन्य पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरले. दुसऱ्याच दिवशी हैतीच्या पोलिसांनी स्वागताला जमलेल्या गर्दीवर लाठ्या चालवल्या आणि एका नारळवाल्याला मरेपर्यंत मारले. अमेरिकी सैनिक जवळ उभे होते. मध्ये पडण्याचा आदेश त्यांना नव्हता. ती दृश्ये जगभर दिसल्यावर नियम बदलण्यात आले आणि लष्करी पोलिसांची संख्या वाढवण्यात आली. बोस्नियात १९९६ च्या सुरुवातीला सारायेव्होची उपनगरे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सोपवली जात असताना जाणारे लोक घरे पेटवून देत होते. तिथे नाटोच्या दलाची संख्या साठ हजारांच्या घरात होती, पण आम्ही पोलीस नाही ही त्यांची भूमिका होती. संयुक्त राष्ट्रांचे जे पोलीस पाठवले होते ते निःशस्त्र होते आणि त्यांना अटकेचा अधिकारच नव्हता. बळ एकाकडे आणि पोलीस हे नाव दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी झाली.

गोळीचा दाखला फलुजाचा. इराकला शांतता मोहीम म्हणणे मला पटत नाही, तो ताबा होता. पण युद्ध संपल्यावर गावात उतरलेल्या पायदळाची अवस्था तीच. २८ एप्रिल २००३ च्या रात्री, अमेरिकी सैनिकांनी ताब्यात घेतलेली शाळा रिकामी करा म्हणत लोक जमले. आपल्यावर आधी गोळीबार झाला असे सैनिकांचे म्हणणे होते, जमाव निःशस्त्र होता असे गावाचे. स्थानिकांच्या सांगण्यानुसार त्या रात्री १७ माणसे मेली. लाठी-ढालीची एक तुकडी तिथे असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला सुटत नाही.

सैनिक आणि हवालदार यांच्यामधला असा प्रकार युरोपात जुना आहे. इटलीचे काराबिनिएरी किंवा फ्रान्सची जांदार्मरी ही दले शिस्तीने लष्करी असूनही रोजचे काम पोलिसांचे करतात. बोस्नियात १९९८ मध्ये काराबिनिएरींच्या नेतृत्वाखाली अशी खास तुकडी उभी केली, नंतर कोसोव्होतही. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ पासून कोसोव्हो आणि पूर्व तिमोरमध्ये संघटित पोलीस तुकड्या पाठवायला सुरुवात केली. सुमारे १४० जणांची एक तुकडी, स्वतःची वाहने व स्वतःचे साहित्य. यात आपला वाटा लहान नाही. लायबेरियात २००७ मध्ये गेलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी ही जगातली पहिली पूर्ण महिला तुकडी होती आणि तो सिलसिला २०१६ पर्यंत चालला. राजधानी मोनरोव्हियात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या पहाऱ्यापासून रात्रीच्या गस्तीपर्यंतची कामे त्यांनी केली.

तेव्हा उत्तर सोपे नाही का? पायदळाऐवजी अशा तुकड्या पाठवाव्यात.

खाडीकाठ (रत्नागिरी)

ताई, दाखले नेमके आहेत, पण निष्कर्षाला माझी हरकत आहे. मार्च २००४ मध्ये कोसोव्होत दोन दिवस दंगल झाली. तोपर्यंत पाच वर्षे उलटली होती; केफोर होते, आंतरराष्ट्रीय पोलीस होते, संघटित तुकड्या होत्या, स्थानिक पोलीस सेवाही उभी राहिली होती. इबार नदीत अल्बेनियन मुले बुडाल्याच्या बातमीने मित्रोवित्सात आग लागली आणि ती साऱ्या प्रांतात पसरली. १९ जण मेले, नऊशेहून अधिक जखमी झाले, तीसेक ऑर्थोडॉक्स चर्च आणि मठ जळाले किंवा मोडले गेले. केफोरमधील प्रत्येक देशाने आपल्या सैनिकांना काय करायचे आणि काय करायचे नाही याची वेगळी यादी दिलेली होती. त्यामुळे एका गावात तुकडी आडवी उभी राहिली आणि दुसऱ्या गावात आपल्या छावणीत थांबली. प्रिझरेनमध्ये जुनी चर्चे जळाली, त्याबद्दल तिथल्या जर्मन तुकडीवर कठोर टीका झाली. दल कोणत्या प्रकारचे होते यापेक्षा तिथे कोणाचा शब्द चालत होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता हवाली करण्याकडे वळतो, कारण धागा त्यासाठीच काढला.

कोसोव्होत सैनिकांनी पकडलेल्या माणसांना ठेवायला छावण्या होत्या, पण न्यायाधीश नव्हते. घाईघाईने फिरती न्यायालये उभी केली, तर प्रश्न आला की कायदा कोणता. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने पहिल्याच विनियमात युद्धापूर्वी लागू असलेला कायदा चालू राहील असे म्हटले. तो सर्बियाचा कायदा होता. अल्बेनियन न्यायाधीशांनी तो वापरण्यास नकार दिला. शेवटी डिसेंबर १९९९ मध्ये २२ मार्च १९८९ रोजी, म्हणजे स्वायत्तता काढून घेण्यापूर्वी, जो कायदा होता तो लागू असल्याचे जाहीर करावे लागले. विचार करा, जूनमध्ये पकडलेल्या माणसावर कोणत्या कलमाखाली आरोप ठेवायचा, हे डिसेंबरात ठरले. आणि या काळात, व नंतरही, केफोरचा सेनापती सुरक्षेच्या कारणावरून एखाद्याला न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय स्थानबद्ध करू शकत होता. न्यायालयाने सोडलेल्या माणसालाही तसे ठेवल्याची उदाहरणे घडली. ही स्थानबद्धता पुढे युरोपातल्या मानवाधिकार संस्थांच्या टीकेचा विषय झाली, आणि ती टीका योग्य होती असे माझे मत आहे. ज्याने पकडले त्यानेच ठेवायचे, किती दिवस तेही त्यानेच ठरवायचे, याला आमच्या भाषेत कोठडी म्हणत नाहीत.

पूर्व तिमोरमध्ये थोडे बरे झाले. २० सप्टेंबर १९९९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील सैन्य तिथल्या दिली या राजधानीत उतरले तेव्हा शहर जळून काळे पडले होते, न्यायालयाची इमारतही त्यातच. त्या सैन्याच्या सेनापतीने पहिल्या काही आठवड्यांतच एक लष्करी स्थानबद्धता कक्ष उभा केला. गावोगावच्या तुकड्यांनी पकडलेल्या माणसांना दिलीतील एका केंद्रात आणायचे, आणि ठरावीक तासांच्या मुदतीत लष्करातल्या विधी अधिकाऱ्यांनी प्रत्येकाची कागदपत्रे पाहून ठेवायचे की सोडायचे ते ठरवायचे. जानेवारी २००० मध्ये पहिल्या तिमोरी न्यायाधीशांची नेमणूक झाली. इंडोनेशियाच्या राजवटीत तिमोरी माणसाला न्यायाधीश होऊच दिलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्यापैकी कोणाला त्या खुर्चीचा अनुभव नव्हता. तरी सैन्याने आपल्याकडचे बंदी आणि त्यांच्या फायली नागरी यंत्रणेकडे सोपवल्या. फायली होत्या, हे मला मोठे वाटते. सैनिकाकडून मी पोलीस होण्याची अपेक्षा ठेवत नाही. पकडलेल्या माणसाबरोबर एक कागद चालत यावा आणि तो कागद घेणारा कोणी असावा, एवढीच आहे.

रेडीचा समुद्र (वेंगुर्ला)

विषयाला थोडे सोडून लिहितो. आमच्याकडून गोवा हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९६१ मध्ये दोन दिवसांत कारवाई आटोपली आणि मेजर जनरल कॅंडेथ हे लष्करी राज्यपाल झाले. जून १९६२ मध्ये नागरी प्रशासन आले. आजोबा त्या काळात माशांचा व्यवहार घेऊन तेरेखोलपलीकडे जात असत. ते सांगत की वाटेवर जवान भेटे, पण तंटा झाला तर लोक रेजिदोराकडे (पोर्तुगीज अमलातला गावचा कारभारी) नाहीतर गावकार मंडळींकडेच जात, जवानाकडे कोणी जात नसे. गाव मोडलेला नव्हता, कचेऱ्यांतले कारकून तेच होते. कोसोव्होशी याची तुलना होणार नाही हे मला मान्य आहे. पण सहा महिन्यांत लष्कर बाजूला होऊ शकले त्याचे श्रेय मी लष्करापेक्षा त्या कारकुनांना देईन.

माजी फौजदार (कुडाळ)

कारकुनांबद्दल अगदी सहमत. ठाणे अंमलदाराची डायरी नसेल तर ठाणे ही नुसती चार भिंतींची खोली असते. सुभेदारसाहेब, काँगोची घटना राहिली.

जगबुडीकाठचा सुभेदार (खेड)

उशीर झाला, क्षमस्व; सुपारी सोलायला माणसे आली होती.

आमची चौकी डोंगराच्या उतारावर होती आणि खाली विस्थापितांच्या झोपड्या. एका रात्री दीडच्या सुमारास बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. ताडपत्रीवर काहीतरी आपटले की तिथे लोक थाळ्या वाजवत, तशा थाळ्याही वाजत होत्या. गस्त खाली गेली आणि अर्ध्या तासात एका माणसाला घेऊन आली. त्याच्याकडे दोन शेळ्या होत्या, त्याच्या नव्हत्या, आणि एक लांब पात्याचा कोयता. एका बाईच्या दंडाला जखम होती. आमच्या वैद्यकीय सहायकाने तिला टाके घातले.

आम्हाला नियम स्पष्ट होता. नागरिकांचा जीव धोक्यात असेल तर बळ वापरता येते. पकडलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर काँगोच्या पोलिसांकडे सोपवायचे. रात्री त्याला तंबूत बसवले, पाणी दिले, पहारा ठेवला. दुभाषा सकाळी सातला येणार होता. आमच्या हवालदाराने तोपर्यंत आपल्या शिस्तीप्रमाणे सर्व व्यवस्थित केले. शेळ्या बांधल्या. कोयत्याचे पाते चिखलाने आणि रक्ताने माखले होते, ते त्याने पाण्याने धुतले, चिंधीने पुसले, तेलाचा हात फिरवला आणि कोठारात ठेवून दिले. फौजेत कोणतेही हत्यार घाण ठेवून झोपायचे नसते.

सकाळी नऊ किलोमीटरवरच्या पोलीस चौकीत त्याला घेऊन गेलो. चौकीत एक टेबल, एक बाक आणि दोन पोलीस. त्यांना कित्येक महिने पगार मिळालेला नव्हता असे दुभाष्याने सांगितले. आम्ही माणूस दिला, शेळ्या दिल्या. ती बाई आली नव्हती, तिला आणावे हे आमच्या लक्षातही आले नाही. चौथ्या दिवशी आमच्या गाडीने बाजार ओलांडला तेव्हा तो माणूस कोळशाच्या पोत्यांजवळ बसलेला दिसला. त्याने आम्हाला ओळखले आणि हात हलवला.

माजी फौजदार (कुडाळ)

पाते धुतल्याचे वाचून डोक्याला हात लावला, पण त्या हवालदाराला बोल लावणार नाही. जखमी बाईचा जबाब नाही, हत्यार जप्त नाही, पंच नाहीत. माझ्या ठाण्यात अशी केस आली असती तर मीसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशी सोडले असते. एक विचारतो. त्या चौकीतून माणूस ताब्यात घेतल्याची पोच मिळाली होती का?

जगबुडीकाठचा सुभेदार (खेड)

मिळाली होती. वहीतला फाडलेला कोरा कागद, शिक्का नाही. दुभाष्याने वाचून दाखवला: एक पुरुष, दोन शेळ्या. कोयता आमच्याच कोठारात राहिला. कालखंड संपवून पुढच्या पलटणीला चौकी सोपवताना सामानाची यादी मीच लिहिली, त्यात त्याची नोंद आहे: कोयता, एक, वापरण्याजोगा.